संपूर्ण स्तन काढणे खरोखरच अधिक सुरक्षित?

स्तनाच्या कर्करोगाची गाठ लहान असली तरी संपूर्ण स्तन काढून टाकलेला बरा, म्हणजे पुढची काळजी मिटते, हे मत समजण्यासारखे असले तरी पटले नाही. (गाठी अनेक ठिकाणी असतील तर गोष्ट वेगळी.) शल्यचिकित्सक बर्नार्ड फिशर यांनी अमेरिकेत संपूर्ण स्तन काढणे आणि फक्त गाठ काढणे यांची तुलना करणारी चाचणी घेतली; तिचे २० वर्षांच्या पाठपुराव्यानंतरचे निष्कर्ष २००२ मध्ये प्रसिद्ध झाले, दोन्ही शस्त्रक्रियांनंतरच्या आयुर्मानात लक्षणीय फरक आढळला नाही. मात्र फक्त गाठ काढून किरणोपचार न घेतलेल्या ३९.२ टक्के स्त्रियांत त्याच स्तनात रोग उलटला, घेतलेल्यांत १४.३ टक्के.

जिवाला खरा धोका असतो तो शस्त्रक्रियेपूर्वीच निसटून इतर अवयवांत रुजलेल्या पेशींचा, आणि तिथे सुरी पोहोचत नाही, औषधे पोहोचतात. म्हणूनच पॅथॉलॉजी अहवालातील ईआर, पीआर (कर्करोगाच्या पेशींवर इस्ट्रोजेन व प्रोजेस्टेरॉन या हार्मोन्सचे ग्राहक आहेत का) आणि हर-टू (याच नावाचे प्रथिन त्यांच्यावर जास्त आहे का) या तीन ओळी, ज्यांवरून हार्मोनरोधक गोळ्या किंवा हर-टूला रोखणारे ट्रॅस्टुझुमॅब हे औषध द्यायचे का हे ठरते, आधी वाचाव्यात.