मदत हवी आहे: बाळंतपणानंतर ऑफिसला घालायचे कपडे, पुण्यात कुठे?

नमस्कार मैत्रिणींनो. माझी २६ आठवड्यांची बाळंतपणाची रजा पुढच्या महिन्यात संपतेय आणि ऑफिसला घालायला अंगाला येईल असं काहीच नाही. जुने कुर्ते छातीत आणि दंडात अडकतात. शिंप्याने आतली माया (शिवणीत सोडलेलं जादा कापड) उसवून दिली, पण ती जेमतेम अर्धा इंच निघाली. वजन उतरेल तेव्हा उतरेल, त्याची घाई नाही. तोवर रोज नीटनेटकं दिसावं असं मात्र मनापासून वाटतं.

तुळशीबागेत पाहिलं. स्वस्त आहे, पण मोठा साइझ घेतला की खांदे उतरतात आणि पोटावर तंगच. ऑनलाइन मागवलेल्याचं कापड सिंथेटिक निघालं, परत केलं. गरोदरपणातले सैल फ्रॉक नकोत, त्यात अजून दिवस गेल्यासारखी दिसते.

सिझेरियन झालंय, टाक्यांवर घट्ट नाडी किंवा इलॅस्टिक सहन होत नाही. ऑफिसात दूध काढावं लागणार, म्हणून पुढून उघडणारं, कॉटनचंच हवं. चार कुर्ते, दोन पँट, बजेट चार हजार. राहते कोथरूडला; बाळामुळे दोन तासांच्या वर बाहेर थांबता येत नाही.

आता वाटतंय लक्ष्मी रोडवरून कापड घेऊन शिवावं, म्हणजे पुढे बाजूने आत घेता येईल. कोथरूड-कर्वेनगर भागात असं शिवून देणारं, शिलाई परवडेल असं कोणी आहे का? आणि पोट-छाती दोन्ही भरलेली असताना प्रिन्सेस कट (छातीवरून खाली जाणाऱ्या उभ्या शिवणींचा) बरा दिसतो की ए-लाइन (खाली रुंद होत जाणारा)?