१ ऑगस्ट : टिळक पुण्यतिथी आणि अण्णाभाऊ जयंती, एकाच भाषणात कसं सांगायचं?

रानजाई

नमस्कार मंडळी, जरा मदत हवीये. लेक सहावीत आहे, १ ऑगस्टला शाळेत कार्यक्रम आणि बाईंनी तिला पाच मिनिटं बोलायला सांगितलंय. कार्यक्रम तुम्हाला माहितीच आहे, टेबलावर दोन फोटो, एक लोकमान्य टिळकांचा एक अण्णाभाऊ साठेंचा, हार, उदबत्ती, मग मुलं ओळीने येऊन "अध्यक्ष महोदय, पूज्य गुरुजनवर्ग" पासून सुरू करतात आणि शेंगा-टरफलांची गोष्ट सांगून बसतात. बारा मुलं तीच गोष्ट सांगतात. अण्णाभाऊंच्या वाट्याला शेवटची दोन वाक्यं, साहित्यरत्न होते, दीड दिवस शाळेत गेले, जय हिंद. मला हे दरवर्षी फार लागतं.

तर परवा लेकीने विचारलं, आई हे दोघं मित्र होते का? म्हटलं नाही गं, एक गेले त्याच दिवशी दुसरे जन्माला आले. मग म्हणे त्याच वर्षी? मी तेव्हा पहिल्यांदा दोन्ही साल शेजारी ठेवून बघितली आणि खरंच की, १ ऑगस्ट १९२०, दोन्हीकडे तीच तारीख तेच साल. इतकी वर्षं दोन फोटो एकत्र बघून हे कधी डोक्यातच आलं नव्हतं.

आता प्रश्न असा की या दोघांना जोडणारं तारखेपलीकडे काही आहे का? ओढूनताणून नकोय. "एक सूर्य मावळला दुसरा उगवला" हे वाक्य पण नकोय, ते मी माझ्या शाळेत असल्यापासून ऐकतेय. सहावीच्या मुलीला समजेल आणि खरं असेल असं काही सांगा.

जुनी_कात्रणं

रानजाई ताई, प्रश्न आवडला. आधी तो दिवस नीट डोळ्यासमोर आणा म्हणजे मुलीला सांगणं सोपं जाईल. १ ऑगस्ट १९२० ला रविवार होता. टिळक मुंबईत क्रॉफर्ड मार्केटजवळच्या सरदारगृहात आजारी होते, मुंबईत आले की ते तिथेच उतरायचे, २३ जुलैला ६४ पूर्ण झाले आणि त्यानंतर आठ-नऊ दिवसांत, रात्री १२ वाजून ४० मिनिटांनी गेले. सकाळ होईपर्यंत बातमी शहरभर झाली होती, पाऊस होता तरी माणसं येतच राहिली, शेवटी दहन नेहमीच्या स्मशानात न करता चौपाटीवर करायची सरकारकडून खास परवानगी काढली गेली. आज गिरगाव चौपाटीला टिळकांचा पुतळा आहे तो म्हणून. पार्थिव पद्मासनात बसवलेलं होतं आणि खांदा देणाऱ्यांत गांधीजी होते, शौकत अली होते.

आणि इथे तिसरी गोष्ट येते जी शाळेत कुणीच सांगत नाही. असहकार चळवळ सुरू करायची तारीखसुद्धा १ ऑगस्ट १९२० च होती, आणि ती आधीपासून ठरलेली होती. खिलाफत (म्हणजे तुर्कस्तानच्या खलिफाचं पद राखण्याची मागणी) आणि पंजाबातले अत्याचार या दोन कारणांसाठी त्या दिवशी उपास आणि हरताळ पाळायचा असं जाहीर झालेलं होतं. गांधीजींनी त्याच तारखेला व्हाइसरॉय चेम्सफर्डला पत्र लिहून इंग्रज सरकारने दिलेलं कैसर-ए-हिंद पदक परत केलं. म्हणजे ज्या दिवशी खांदा दिला त्याच दिवशीचं ते पत्र. पुढच्या वर्षी चळवळीसाठी जो एक कोटी रुपयांचा फंड उभा केला त्याला नावही टिळक स्वराज्य फंड असंच दिलं.

तेव्हा ताई, दोन नाही तीन गोष्टी आहेत त्या तारखेला.

कृष्णाकाठ

माझं आजोळ वाळवा तालुक्यातलं, वाटेगाव तिथून लांब नाही, म्हणून लिहितो. जुन्या कात्रणांनी मुंबईचा दिवस छान सांगितला. पण त्या दिवशी वाटेगावात काय होतं हेही मुलीला सांगा, आणि तिथे काहीही नव्हतं हेच सांगायचंय. तेव्हा ते गाव सातारा जिल्ह्यात होतं, सांगली जिल्हा नंतर झाला. भाऊराव आणि वालुबाई साठेंच्या घरी मांगवाड्यात मुलगा झाला, नाव तुकाराम. पेपरात येण्यासारखं त्यात काही नाही. उलट ज्या जातीत तो जन्मला तिच्यावर इंग्रज सरकारने गुन्हेगार जातीचा शिक्का मारलेला होता, काही गुन्हा न करता पोलिसाकडे हजेरी द्यायला लागायची. शाळा दीड दिवस, कारण शाळेत वेगळं बसवलं आणि मारलं. पुढे दुष्काळात सगळं कुटुंब वाटेत मिळेल ते काम करत चालत मुंबईला गेलं, चालत, हे शब्दशः घ्या. हमाली, फेरीवाल्याबरोबर फिरणं, गिरणीत काम, आणि लिहायला वाचायला शिकले ते दुकानांच्या पाट्या आणि सिनेमाची पोस्टरं बघून असं आमच्याकडे सांगतात.

एक मात्र कळकळीने सांगतो, दोघांना एका माळेत ओवू नका. टिळक मोठेच, मंडालेला सहा वर्षं काढली त्यांनी, पण कोल्हापूरच्या वेदोक्त प्रकरणात (राजघराण्याचे विधी वेदमंत्रांनी करायला ब्राह्मणांनी नकार दिला तो वाद) ते शाहू महाराजांच्या विरुद्ध बाजूला होते. १९१८ ला मुंबईत विठ्ठल रामजी शिंदेंनी भरवलेल्या अस्पृश्यता निवारण परिषदेत ते बोलले जोरदार, देव जर अस्पृश्यता मानत असेल तर त्याला मी देवच मानणार नाही इथपर्यंत बोलले, पण स्वतः अस्पृश्यता पाळणार नाही अशा जाहीरनाम्यावर सही करायची वेळ आली तेव्हा केली नाही. अण्णाभाऊंचं घर त्या सहीच्या पलीकडच्या बाजूचं. हे सहावीच्या भाषणात घालायचं का ते तुम्ही ठरवा, पण जोडणी शोधताना हे विसरून चालणार नाही.

रानजाई

@कृष्णाकाठ दादा, हे लिहिलंत ते बरं केलं. सहीचं मला माहीत नव्हतं. भाषणात नसेल पण घरी सांगणार नक्की. पण मग जोडणी नाहीच का?

गिरणगावातला

आहे ना ताई. अहो आहेच, आणि ती आमच्या लालबाग-परळमधून जाते.

२२ जुलै १९०८ ला केसरीतल्या लेखांबद्दल राजद्रोहाच्या खटल्यात टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली, न्यायमूर्ती दावर, ज्युरीत सात युरोपियन आणि दोनच हिंदी माणसं. त्यावर मुंबईच्या गिरणी कामगारांनी काय केलं तर सहा दिवस गिरण्या बंद पाडल्या, शिक्षेच्या एकेका वर्षाला एक दिवस. १९०८ साली हां, गिरणी कामगारांची युनियन म्हणावी असं काही उभं नव्हतं तेव्हा. पगारवाढ मागायला नाही, सुट्टी मागायला नाही, आपल्या एका माणसाला आत टाकलं म्हणून. लष्कर बोलावलं, गोळीबार झाला, कामगार मेले त्यात. आणि हे कामगार कोण होते? कोकणातले, साताऱ्याकडचे, घाटावरचे, गावाला शेत पिकत नाही म्हणून मुंबईला आलेले. वाटेगावचं साठे कुटुंब पुढे ज्या वाटेने आलं तीच ही वाट.

त्या संपाबद्दल १९०८ च्याच ऑगस्टमध्ये लेनिनने लिहिलं होतं, टिळकांच्या शिक्षेचा आणि मुंबईच्या कामगारांचा उल्लेख करून, की हिंदुस्थानातला कामगार आता जाणीवपूर्वक राजकीय लढ्यात उतरलाय अशा अर्थाचं. आता अण्णाभाऊंकडे या. मुंबईच्या कामगार वस्तीत ते कम्युनिस्ट चळवळीत आले, स्टालिनग्राडच्या लढाईवर पोवाडा रचला, १९४४ ला अमर शेख आणि गव्हाणकरांबरोबर लाल बावटा कलापथक काढलं आणि गिरण्यांच्या गेटवर, चाळींच्या पटांगणात त्याच कामगारांसमोर डफावर गायले, १९०८ ला संप केलेल्यांची मुलं-नातवंडं समोर बसलेली असणार. १९६१ ला ते रशियाला जाऊन आले. २०२२ ला मॉस्कोत त्यांचा पुतळा उभा राहिला.

म्हणजे दोघं भेटले नाहीत, भेटणं शक्यच नव्हतं, विचार तर जुळलेच नसते, कृष्णाकाठ म्हणतात ते बरोबर. पण मधे उभा आहे तो गिरणी कामगार. तो १९०८ ला टिळकांसाठी रस्त्यावर आला आणि चाळीस वर्षांनी अण्णाभाऊ त्याच्यासाठी गायले. माझे पणजोबा या गिरण्यांतलेच, म्हणून हे लिहिताना जरा लांबलं, सांभाळून घ्या.

घटिका_पळे

सगळ्यांचं वाचून छान वाटलं. एक बारीक मुद्दा, दिनविशेष लिहिणाऱ्यांनी लक्षात ठेवावा असा. टिळक गेले रात्री १२.४० ला. इंग्रजी तारीख मध्यरात्री बदलते म्हणून १ ऑगस्ट, पण आपल्या पंचांगात वार बदलतो सूर्योदयाला, त्या हिशोबाने तो अजून शनिवारच होता. त्यामुळे "एकच दिवस" हे कुठल्या घड्याळाने मोजता त्यावर आहे.

शिवकाळातल्या तारखांना तर हे फारच महत्त्वाचं. १९ फेब्रुवारी १६३०, १३ जुलै १६६०, ६ जून १६७४ या तारखा आपण सगळे वापरतो त्या जुन्या ज्युलियन कॅलेंडरच्या आहेत, आजच्या कॅलेंडरने त्यात दहा दिवस मिळवायला लागतात, म्हणजे राज्याभिषेक १६ जूनला येतो. तरी आपण १२ जुलै १९६१ च्या पानशेतच्या पुराशेजारी १२ जुलै १६६० ची पन्हाळ्याहून सुटकेची रात्र एकाच दिनविशेषात लिहितो, ते दोन दिवस मुळात ऋतूच्या हिशोबाने एक नाहीतच. शेक्सपिअर आणि सर्व्हांटिसचंही तसंच, दोघांची २३ एप्रिल १६१६ सांगतात पण स्पेनने नवीन कॅलेंडर घेतलेलं आणि इंग्लंडने नव्हतं, म्हणून प्रत्यक्षात मधे दहा दिवस आहेत.

मुलीला हे सगळं सांगू नका लगेच, पाच मिनिटं आहेत. पण १ ऑगस्ट १९२० च्या बाबतीत निदान कॅलेंडर दोन्हीकडे एकच आहे हे मात्र पक्कं.

जुनी_कात्रणं

@घटिका_पळे वाराचा मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता. मी रविवार लिहिलं ते अंत्ययात्रेच्या दिवसासाठी तरी बरोबर ठरतं.

गिरणगावातला यांनी जे लिहिलंय ते भाषणाचा कणा करा ताई. आणि एक आठवण, २०२० ला टिळकांची पुण्यतिथी शंभरावी आणि अण्णाभाऊंची जन्मशताब्दी एकाच तारखेला पूर्ण झाली, पण लॉकडाऊन होता, शाळा बंद, मोबाईलवर फोटोला हार घालून व्हिडिओ टाकले लोकांनी. तुमची लेक तेव्हा शाळेतही जात नसेल. त्या वर्षी व्हायला हवं होतं असं भाषण राहूनच गेलं सगळ्यांचं.

रानजाई

मंडळी किती आभार मानू. काल रात्री दोघी बसलो. ती म्हणाली सुरुवात फोटोपासून नको, गिरणीच्या गेटपासून करते. म्हणून असं केलंय: १९०८, गेट बंद, सहा दिवस. मग "हे कोणासाठी?" मग टिळक. मग १ ऑगस्टचा पाऊस आणि चौपाटी. मग "त्याच दिवशी वाटेगावात", मग चालत मुंबई, आणि शेवटी परत तेच गेट, यावेळी उघडं, समोर कामगार बसलेत आणि अण्णाभाऊ डफ घेऊन उभे. शेंगा नाहीत. असहकाराचं एक वाक्य आहे. गांधीजींचं पदक तिला फार आवडलं, ते काढू देत नाहीये.

प्रॉब्लेम एकच, घड्याळ लावलं तर सात मिनिटं होतात. काय काढू?

गिरणगावातला

ज्युरी आणि न्यायाधीश काढा, मी उगाच घातलं ते. जन्मतारीख, जन्मगाव, वडिलांचं नाव हेही काढा, ते बाकीची बारा मुलं सांगणारच आहेत. सहा दिवस ठेवा, आणि चालत आले ते ठेवा.

कृष्णाकाठ

आणि तुकाराम हे नाव ठेवा ताई. आमच्याकडच्याही बऱ्याच पोरांना माहीत नसतं.