मदत हवी आहे: भाडं घेऊन गेलेल्या भावाला मानवी तस्करीच्या केसमध्ये घेतलंय

नमस्कार मंडळी, जरा लांबलंय पण पूर्ण वाचा प्लीज. धाकटा भाऊ कोल्हापुरात टुरिस्ट परमिटची अर्टिगा चालवतो, गाडी लोनवर. ११ दिवसांपूर्वी रात्री भाडं आलं, एक माणूस आणि दोन मुली, आंबोलीमार्गे गोवा, सोडून परत यायचं. गोव्यात शिरल्यावर पोलिसांनी गाडी अडवली, त्या माणसाला उचललं, मुलींना आधारगृहात पाठवलं आणि भावालाही आरोपी केलं. बीएनएस (भारतीय न्याय संहिता) १४३ म्हणजे मानवी तस्करीचं कलम आणि पिटाचं (वेश्याव्यवसायासाठी होणारा अनैतिक व्यापार रोखणारा कायदा) कलम ५ लावलंय. मुलींना हॉटेलात नोकरी लावतो सांगून आणलं होतं म्हणे. भाऊ म्हणतो मी स्टेअरिंगवर, मागं बसलेलं कोण कशाला चाललंय ते मला काय माहीत, आणि खरंय की, एसटीचा ड्रायव्हर विचारतो का?

नुसती गाडी चालवली म्हणून शिक्षा होते का? जामीन मिळेल का? गाडी पोलिसांत पडून आहे, १५ तारखेला हप्ता. त्याचा जुना फोन घरी आहे, काका म्हणतायत फोडून टाक, उगाच काही सापडायला नको. काय करू?

प्रतिसाद १:
आधी फोन. हात लावू नका त्याला! पुरावा नष्ट केला तर कलम २३८ खाली तुम्ही आणि काका दोघं आत जाल.
आता ड्रायव्हरचं. १४३ मध्ये माणसांची वाहतूक करणं हे शब्दच आहेत म्हणून ड्रायव्हर लगेच अडकतो, पण नुसत्या वाहतुकीवर भागत नाही, शोषणासाठी नेणं हवं आणि सोबत धमकी, फसवणूक, आमिष असलं काहीतरी हवं. म्हणजे भावाला माहीत होतं का यावरच सगळं. ते कोण कबूल करणार, म्हणून सरकारी पक्ष कॉल रेकॉर्ड, भाड्याचा आकडा, तीच पार्टी परत परत नेली का असल्या गोष्टींवरून दाखवतो. मुलींनी मॅजिस्ट्रेटपुढं काय सांगितलं ते तर फार महत्त्वाचं. 'त्या राजीखुशीनं आल्या' हे चालत नाही, संमती कायदा धरतच नाही.
एक व्यक्ती असेल तर ७ ते १० वर्षं, जास्त असतील तर १० वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत. इथं दोघी आहेत, हलक्यात घेऊ नका. त्यातली एखादी अल्पवयीन निघाली तर अजून अवघड.
जामिनाला सेशन्स कोर्टात जावं लागेल बहुतेक. गाडी सुपूर्दनाम्यावर (केस चालू असताना कोर्टाच्या अटींवर तात्पुरती ताब्यात) मागा, वाहनं ठाण्यात उगाच सडवत ठेवू नका असं सुप्रीम कोर्टानं सुंदरभाई देसाई केसमध्ये २००२ मध्येच सांगितलंय. कोठडीतल्या माणसाला सरकारी खर्चानं वकील मिळतो, १५१०० ला फोन करा.
एक विचारतो, राग मानू नका. भाडं किती घेतलं होतं? आणि ही पार्टी पहिल्यांदाच?

धागाकर्ता:
आत्ता भावजयीला विचारलं. गोव्याचे एरवी साडेपाच हजार घेतो, यावेळी बारा. आणि आधी दोनदा याच माणसाला सोडून आलाय, मुली दर वेळी वेगळ्या. मला हे कुणी सांगितलंच नव्हतं हो.

प्रतिसाद १:
हे आता इथं लिहीत बसू नका. उद्या सकाळी वकिलाला सगळं असंच्या असं सांगा, बाराचे साडेपाच करू नका.

धागाकर्ता:
हो. फोन काकांकडून काढून घेतलाय, कपाटात आहे.