आधी ट्रान्सम ठोकून बघा

'इंजिन धड असेल तर जुनी फायबरची होडी डोळे झाकून घ्यावी, बाकी काम किरकोळ' हे मत पटलं नाही. आऊटबोर्ड (होडीच्या मागे बाहेर टांगलेलं इंजिन) विकून दुसरं आणता येतं. पैसे बुडतात ते ट्रान्सममध्ये, म्हणजे इंजिन टांगतात त्या मागच्या फळीत. बाहेरून फायबर दिसतं, पण आत बहुतेक वेळा प्लायवूड असतं. बोल्टच्या भोकांतून पाणी झिरपतं आणि वरचा रंग चकचकीत असतानाच आतलं लाकूड कुजतं. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने सगळीकडे ठोका. टणक आवाज हवा, बद्द आला की संशय घ्यायचा. मग इंजिन तिरकं वर उचलून पंख्याकडची बाजू दाबा आणि नजर फळीवर ठेवा, ती जराही हलता कामा नये. मालक तयार असेल तर आतून ५ मिमीचं भोक पाडा. भुसा फिका, कोरडा निघाला तर ठीक. काळा, ओला निघाला तर अख्खी फळी बदलायची आहे असं धरूनच भाव करा.

बदलताना आयएस ७१० (भारतीय मानक) चं मरीन प्लायच घ्या. कडा आणि प्रत्येक भोक इपॉक्सीने बंद करा, बोल्टला सिलिकॉन नको, पॉलियुरेथेन सीलंट लावा. जून-जुलैच्या मासेमारीबंदीत होडी किनाऱ्यावर असते, तपासायला उत्तम. पण फायबरचं काम तेव्हा उरकू नका. त्या दमट हवेत लाकूड वाळत नाही आणि ओल्यावर रेझिनने चढवलेली मॅट (काचतंतूंची चादर) पुढे सुटते. आधी गोड्या पाण्याने धुवा (मीठ ओल धरून ठेवतं), दिवाळीनंतर नीट वाळू द्या, मग रेझिन.