श्रेय एकट्या हबलचं नाही

विश्व प्रसरण पावतंय हे कसं कळलं, याबद्दल असं सांगितलं जातं की १९२९ मध्ये खगोलशास्त्रज्ञ एडविन हबलने दुर्बिणीतून दीर्घिका दूर पळताना पाहिल्या. एक दुरुस्ती करतो. पळताना कुणालाच काही दिसत नाही. दिसते ती दीर्घिकेच्या प्रकाशाच्या वर्णपटातल्या रेषांची लाल टोकाकडे सरकलेली जागा, म्हणजे दीर्घिका दूर जात असल्याची खूण. आणि ती मोजायला व्हेस्टो स्लायफर या खगोलशास्त्रज्ञाने १९१२ मध्येच सुरुवात केली होती. गंमत म्हणजे त्याने पहिली मोजलेली देवयानी दीर्घिका नेमकी आपल्याकडे येणारी निघाली, सेकंदाला सुमारे ३०० किमी वेगाने! पण १९१७ पर्यंत मोजलेल्या २५ पैकी २१ दूर जाणाऱ्या होत्या.

वेग कळले, अंतराचं काय? तिथे खगोलशास्त्रज्ञ हेन्रिएटा लेविटचं काम उपयोगी पडलं. सेफीड म्हणजे ठरावीक काळाने तेज कमी-जास्त होणारा तारा. त्याची ही लुकलुक जितकी संथ, तितका तो मुळात जास्त तेजस्वी. मग तो किती मंद दिसतो यावरून अंतर काढता येतं. १९२३ मध्ये देवयानीच्या फोटोच्या काचेवर हबलने एका ठिपक्याजवळची 'नवतारा' (अचानक उजळणारा तारा) ही खूण खोडून तिथे 'रूपविकारी' (तेज बदलणारा तारा) अशा अर्थाची तीन अक्षरं लिहिली, पुढे चक्क उद्गारचिन्ह. तो सेफीड होता, म्हणजे देवयानीचं अंतर आता काढता येणार होतं. ती काच मला हबलच्या १९२९ च्या वेग-अंतराच्या आलेखापेक्षा जास्त आवडते.

बेल्जियमच्या जॉर्ज लमेत्र या शास्त्रज्ञाने तर विश्वाच्या प्रसरणाचं गणित १९२७ मध्येच मांडलं होतं, फ्रेंचमध्ये, त्यामुळे फारसं कुणी वाचलं नाही.

बाकी हबलचा प्रसरणाच्या वेगाचा आकडा आजच्या सुमारे सातपट होता. त्यावरून विश्वाचं वय दोनेक अब्ज वर्षं येई, म्हणजे पृथ्वीवरच्या खडकांपेक्षाही कमी!