बिअरचा कारखाना थेट कसौलीला का?

तळोजावाला: रोज एमआयडीसीच्या नाक्यावर बसची वाट बघतो. वारा फिरला की तिथल्या ब्रुअरीतून, म्हणजे बिअरच्या कारखान्यातून, शिजलेल्या जवाचा वास येतो, गार झालेल्या लापशीसारखा. एडवर्ड डायर नावाच्या इंग्रजाने १८५५च्या सुमारास हिमाचलातल्या कसौलीत ब्रुअरी काढली म्हणे. पिणारे गोरे मुंबई-कलकत्त्यातही होतेच. मग डोंगर कशाला चढायचा?

पनवेलचे_काका: थंडीसाठी! मी ब्रुअरीत सव्वीस वर्षं टाक्या सांभाळल्या. बिअर आंबवणारं यीस्ट साखर खाताना स्वतःच तापतं, म्हणून टाकी गार ठेवावी लागते. एल जातीची बिअर असेल तर वीसच्या आसपास अंश, लागर जातीची तर दहा-बाराच. एका रात्रपाळीला चिलर, म्हणजे टाकी गार ठेवणारं यंत्र, बंद पडला. सकाळी नमुना काढला तर ग्लासातून पिकलेल्या केळ्याचा घमघमाट! साहेबांचं तोंड बघण्यासारखं होतं. सगळी टाकी गेली. आता मे महिन्यातली मुंबई आठवा, तीही विनाचिलर. जर्मन इंजिनिअर कार्ल फॉन लिंडेचं शीतयंत्र म्युनिकच्या ब्रुअरीत लागलं ते १८७०च्या दशकात. डायरच्या हाताशी डोंगरातला गारवा आणि झऱ्याचं पाणी, एवढंच.

घोडबंदर_रोड: शिवाय गिऱ्हाईक शेजारीच होतं. कसौली, डगशाई, सबाथू, सगळ्या लष्करी छावण्या. मुंबईकर गोऱ्यांना लंडनहून बोटीने पिंपं यायची, बिअर टिकावी म्हणून हॉप्स, म्हणजे बिअरला कडवटपणा देणारी फुलं, सढळ हाताने घातलेली. पुढे पाण्यासाठीच बिअरचं काम जवळच्या सोलनला हललं, कसौलीत व्हिस्की राहिली.

तळोजावाला: काका, त्या टाकीचं केलं काय शेवटी?

पनवेलचे_काका: गटार. दोन दिवस कावळे हलले नाहीत तिथून.