खांदा तिसऱ्यांदा निखळला: दुर्बिणीतून टाके की लातार्जे?

प्रश्न:
वय २०, व्हॉलीबॉल खेळतो, स्पाइक उजव्या हातानं. पहिल्यांदा खांदा निखळला तो ब्लॉक करून पडताना, दुसऱ्यांदा सरावात. गेल्या आठवड्यात तर झोपेत कूस बदलताना गेला आणि आपोआप बसलाही. एमआरआयमध्ये बँकार्ट (खांद्याच्या वाटीच्या पुढच्या कडेची कूर्चा सुटणं) आणि हिल-सॅक्स (दंडाच्या हाडाच्या गोळ्याला मागून पडलेला खड्डा) दोन्ही लिहिलंय. एक डॉक्टर म्हणतात दुर्बिणीतून टाके घालू, दुसरे म्हणतात थेट लातार्जे, म्हणजे वाटीला हाड जोडायचं ऑपरेशन. कुणाचं ऐकू?

उत्तर १:
झोपेत गेला हे वाचून पोटात गोळा आला. माझंही तिथपर्यंत आलं होतं. मी जुदोवाला. चार वेळा निखळल्यावर बँकार्टचं टाक्यांचं ऑपरेशन केलं, म्हणजे वाटीच्या कडेवरून सुटलेलं लेब्रम (कडेभोवतीची कूर्चा) हाडात बारीक अँकर लावून परत शिवलं. दीड वर्ष झकास गेलं. मग एका थ्रोमध्ये हात मागे अडकला आणि तीच ओळखीची खळ्ळकन कळ.

त्यानंतर थ्रीडी सीटी काढला. वाटीची पुढची कड जवळपास पाव भाग झिजलेली! पहिल्या वेळी ती कुणी मोजली नव्हती, आणि मला विचारायचं सुचलं नव्हतं. कड फुटलेल्या बशीत गोटी ठेवून बशी जरा कलती करून बघ. काठाला कितीही चांगली शिवण घाला, गोटी तिथूनच घरंगळणार.

लातार्जेमध्ये कोरॅकॉइड नावाचं चोचीसारखं हाड त्याला चिकटलेल्या स्नायूंसकट कापून वाटीच्या पुढे स्क्रूनं बसवतात. कड भरून निघते, शिवाय हात वर-बाहेर नेला की ते स्नायू पट्ट्यासारखे गोळ्याला पुढून अडवतात. १९५४ पासूनची पद्धत आहे ही. पण नसा अगदी जवळून जातात. माझ्या कोपरापासून अंगठ्याच्या बाजूची कातडी तीन महिने बधिर होती, बाही घासली तरी कळायचं नाही. आता ठीक आहे.

उत्तर २:
मी फिजिओ. वरच्यांशी सहमत, आधी सीटी. वाटीचं हाड २० टक्क्यांपेक्षा जास्त झिजलं असेल तर नुसत्या टाक्यांवर बहुतेक सर्जन विसंबत नाहीत. त्याखाली मात्र मतं फुटतात, खासकरून तुझ्यासारख्या कमी वयाच्या खेळाडूत. आणि हिल-सॅक्सचा खड्डा मोठा असेल तर रेम्प्लिसाज करतात, म्हणजे त्यात मागचा स्नायू शिवून टाकतात. त्यानं हात बाहेर फिरणं थोडं कमी होऊ शकतं. स्पाइक मारणाऱ्याला ते जाणवतं, तेव्हा सर्जनला हे आधीच सांग. चार ते सहा आठवडे स्लिंग, आणि स्पाइकला पाच-सहा महिने तरी. तेही तारीख बघून नाही, दोन्ही हातांची ताकद मोजून.

प्रश्नकर्ता:
सीटी झाला. १७ टक्के. म्हणजे नेमका मतं फुटतात तिथेच! दोन्ही डॉक्टरांना तीच सीडी दाखवणार आहे. तोवर टी-शर्ट बंद, बटणांचे शर्ट चालू. हात डोक्यावर न्यायची हिंमतच होत नाही.